कृत्रिम स्नायूचा इलेक्ट्रोड चढवताना या चुका टाळा

नॅफिऑन या आयन वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या पटलावर दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पोहोचवणारा धातूचा थर, चढवून केलेली आयपीएमसी (आयनिक पॉलिमर-मेटल कंपोझिट) पट्टी हा कृत्रिम स्नायू; ती 1 ते 3 व्होल्टवर वाकायला हवी. ती वाकली नाही की नवखे संशोधक पटलाच्या दर्जाला नावे ठेवतात. मी मात्र आधी इलेक्ट्रोड किती घाईने चढवला, हे विचारतो.

सर्वांत महागात पडणारी घाई सोडियम बोरोहायड्राइड, म्हणजे प्लॅटिनमच्या आयनांचा धातू करणारे क्षपणक, ओतताना होते. प्लॅटिनमच्या क्षारात रात्रभर भिजलेले पटल 40 अंशांच्या पाण्यात ठेवून, त्यात या क्षपणकाचे 5 टक्क्यांचे द्रावण दर अर्ध्या तासाने 2 मिलिलिटर घालत तापमान हळूहळू 60 अंशांपर्यंत न्यायचे, अशी जुनी रीत आहे, आणि यात अख्खा दिवस जातो. एका संध्याकाळी शेवटची बस चुकेल म्हणून मी उरलेले सगळे द्रावण एकदम ओतले. हायड्रोजनचे बुडबुडे उसळले आणि पाण्यात प्लॅटिनमची काळी भुकटी तरंगू लागली. पट्टी मात्र दिसायला झकास होती, मल्टिमीटरही काही ओहमच दाखवत होता. 2 व्होल्ट देताच ती चार-पाच वेळा वाकली आणि थंडावली. सूक्ष्मदर्शकाखाली थराला आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा पडलेल्या दिसल्या, आणि चिकटपट्टी लावून ओढली तर अर्धे प्लॅटिनम तिच्यावर आले. बाहेरून येणाऱ्या क्षपणकाला पटलातून येणारे प्लॅटिनमचे आयन पृष्ठभागाशीच भेटले पाहिजेत, तरच धातूची मुळे पटलात उतरतात. ओतण्याच्या घाईत धातू पाण्यातच तयार होतो. तेव्हापासून मी स्वयंपाकघरातले टायमर घड्याळ शेजारी ठेवतो आणि सकाळी नऊपर्यंत सुरू न झालेले काम सरळ दुसऱ्या दिवसावर ढकलतो. प्लॅटिनमचा क्षार स्वस्त नाही, एवढे तरी शॉर्टकट शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

दुसरी चूक म्हणजे रोध फक्त सपाट पट्टीवर मोजणे. भेगा वाकल्यावर उघडतात, त्यामुळे चिमट्याजवळचा व्होल्टेज टोकापर्यंत पोहोचत नाही आणि पट्टी बुडाशीच वाकते. मी पट्टी पेन्सिलीवर गुंडाळून, शक्यतो चार टोकांच्या प्रोबने, पुन्हा मोजतो. फरक मोठा दिसला तर प्लॅटिनमचा दुसरा हात देतो.

पॉलिश पेपरने घासून खरखरीत न केलेल्या पटलावर प्लॅटिनमऐवजी चढवलेले सोने हमखास सुटते. पेडॉट-पीएसएस या वीजवाहक प्लास्टिकचा थर पाण्यात फुगतो, म्हणून त्याला क्रॉसलिंक केल्याशिवाय, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्याशिवाय, ओल्या पट्टीवर त्याचा भरवसा धरू नये. जोर येत नाही म्हणून व्होल्टेज वाढवत जाणे तर शुद्ध आततायीपणा आहे, कारण पाण्याचे विघटन 1.23 व्होल्टच्या पुढे शक्य होते आणि त्यातून निघणारा वायू थर उचलतो.

शेवटचे धुणे नळाच्या पाण्याने तर मुळीच करू नये. पट्टी वाकते ती पटलात भरलेले लिथियमचे आयन सरकल्यामुळे; नळाच्या पाण्यातले कॅल्शियम आयन त्यांची जागा घट्ट धरून बसतात, आणि मग लिथियम क्लोराइडमध्ये पट्टी पुन्हा भिजत घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही.