घरच्या घरी सायकलची देखभाल : या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाइपने सायकल धुवायची, हाताला येईल ते तेल चेनवर ओतायचं, टायर अंगठ्याने दाबून बघायचं आणि रविवारी पहाटे खडकवासल्याकडे निघायचं. पुण्यातल्या बऱ्याच घरांत सर्व्हिसिंग म्हणजे एवढंच. तिन्ही कामं गरजेचीच, पण तिन्ही हमखास चुकतात.

तेल

सगळ्यात मोठा घोळ तेलाचा. खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपास थिजायला लागतं आणि पुण्यात जानेवारीतल्या पहाटे पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. बाथरूममधली बाटली थिजते, तसंच ते चेनमध्येही थिजतं. गाडीचं इंजिन ऑइल थिजत नाही, पण ते धूळ धरून ठेवतं. तेल-धुळीचा काळा चिखल पॉलिश पेपरसारखा चेनच्या पिना झिजवतो. डब्ल्यूडी-40 हा स्प्रे गंजलेला नट सोडवायला उत्तम, पण चेनला तेवढंच मारलं तर आतलं उरलंसुरलं तेलही धुऊन निघतं. शिलाई मशिनचं तेल उन्हाळ्यात चालून जातं, पावसात मात्र एका फेरीत वाहून जातं. सायकलच्या चेनसाठी मिळणारं तेल घ्या. छोटी बाटली महिनोन्‌महिने पुरते.

आधी चेन डिझेलात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण कोरडी करा. मग पेडल उलटं फिरवत चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर (पट्ट्यांमधल्या गोल नळकांड्यावर) एकच थेंब सोडा. दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. तेल हवं असतं ते पिना आणि रोलर यांच्या मध्ये. बाहेरून चमचमणारी चेन फक्त पँट काळी करते.

डिस्क ब्रेक असेल तर स्प्रेची नळी चेनकडे वळवूच नका. डिस्कवर तेलाचा तुषार उडाला की ब्रेक चिरकतो आणि धरतही नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण तेल प्यायलेले पॅड बहुतेक वेळा बदलावेच लागतात.

तेल घालूनही चेन सटकत असेल तर पट्टी घ्या. शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवलं की नव्या चेनची तिथून पुढची चोविसावी पीन बरोबर 12 इंचांवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर पुढे गेली असेल तर मागचे दातेही झिजलेले असतात आणि नुसती नवी चेन त्यांच्यावर सटकतच राहते.

पाणी

दुचाकीच्या वॉशिंग सेंटरवर सायकल नेऊ नका. प्रेशरचं पाणी हब (चाकाचा मधला भाग), हँडलची मान आणि दोन्ही पेडलांच्या मधल्या बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस बाहेर काढतं आणि छर्रे गंजतात. करकर ऐकू येते काही आठवड्यांनी, त्यामुळे दोष धुण्याला कुणीच देत नाही. एक बादली, स्पंज आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब पुरतात.

हवा आणि पंक्चर

अंगठ्याला 30 आणि 50 पीएसआयमधला (हवेच्या दाबाचं माप) फरक नीट कळत नाही. टायरच्या कडेवर आकडा छापलेला असतो. गेज असलेला पंप घ्या आणि आठवड्यातून एकदा तपासा. पेट्रोल पंपावरच्या हवेने सायकलची छोटी ट्यूब काही सेकंदांत फुटू शकते.

पंक्चर काढताना भोक सापडलं की लगेच पॅच चिकटवायची घाई होते. भोक कुठे आहे ते आधी बघा. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी असताना खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर ट्यूब रिममध्ये चिमटली. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय आणि स्पोकचं टोक टोचतंय. बाहेरच्या बाजूला असेल तर काटा किंवा तार अजून टायरमध्येच आहे. वेताळ टेकडीवरून आलात तर बाभळीचा काटा गृहीतच धरा. टायर आतून फडक्याने चाचपा, बोटाने नको. सोल्यूशन लावल्यावर ते चार-पाच मिनिटं कोरडं होऊ द्या, ओल्यावर पॅच धरत नाही. आणि टायर काढायला स्क्रू ड्रायव्हर वापरला की दुसरं पंक्चर तिथेच होतं.

ब्रेक

रिमचे ब्रेकशू रिमलाच लागले पाहिजेत. वर टायरला घासले तर टायरची कड कापली जाते. शूवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की शू बदला. रुतलेले धातूचे कण पिनेने काढा, नाहीतर ते रिम कोरतात. लिव्हर पूर्ण दाबूनही हँडलला टेकता कामा नये. केबलची एक जरी तार तुटलेली दिसली तरी ती केबल घेऊन सिंहगड किंवा दिवे घाट उतरू नका.

पाना हातात घेण्याआधी

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना उभा धरून वरचं टोक पुढच्या चाकाकडे ढकललं की दोन्ही बाजूंचं पेडल घट्ट होतं. चुकीच्या दिशेने जोर लावला तर क्रँकचे (पेडल जिच्यात बसतं त्या दांडीचे) आटे जातात, आणि या यादीतली ही सगळ्यात महाग चूक.

चाक पान्याशिवाय काढता येतं त्या क्विक रिलीजची दांडी नटासारखी गोल फिरवत बसू नका. ती चाकापासून सरळ बाहेर आली की जोर लागायला हवा आणि तळव्याने दाबून बंद व्हायला हवी.

गिअर अडतो म्हणून मागच्या डिरेलरचे (चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचे) दोन छोटे स्क्रू फिरवू नका. ते फक्त डिरेलर किती सरकेल याच्या सीमा ठरवतात. चुकून सैल झाले तर डिरेलर स्पोकमध्ये जातो. दोष बहुधा सैल पडलेल्या केबलचा असतो. केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथला गोल अॅडजस्टर अर्धा आटा बाहेर फिरवा आणि पुन्हा गिअर टाकून बघा.

चाक डुलत असेल तर स्पोकची चावी एका वेळी पाव आटाच फिरवा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डुलत असेल किंवा स्पोक तुटला असेल तर चाक मेकॅनिककडे द्या.