झेडपीच्या शाळेत मदतीला जाताय? मग या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडली की फोन सुरू होतात. "सर, आम्हाला खेड्यातल्या शाळेत शिकवायचंय, एखादी शाळा सांगा ना." सांगतो. गौरी-गणपती येईपर्यंत त्यातले निम्मे गायब झालेले असतात, आणि उरलेल्यांपैकी एखाद्याबद्दल मुख्याध्यापकांचा फोन येतो, "त्यांना पुन्हा पाठवू नका बरं का." कारणं दरवर्षी तीच. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून लिहून ठेवतोय.

आधी एवढं समजून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं पहिली ते पाचवीचा पट 60 पर्यंत असेल तर शिक्षक दोन. 61 ते 90 असेल तर तीन. वर्ग मात्र पाचच्या पाच. म्हणजे सगळी पदं भरलेली असली तरी एका शिक्षकाकडे एकापेक्षा जास्त वर्ग. त्यात एक पद रिकामं, एक सर तालुक्याला बैठकीला, की उरलेल्या एकाच्या गळ्यात अख्खी शाळा. कलम 27 म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं काम लावू नये. पण यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा कुठला तरी तक्ता हे सगळं 'शाळेचंच काम' असतं, ते त्यालाच करावं लागतं. तुम्ही जाता ते अशा जागी.

खिशातून फोन काढणं

सगळ्यात जास्त नुकसान यानं होतं, म्हणून पहिलं हेच.

बीड जिल्ह्यातली तीन पदांची एक शाळा, त्यातलं एक पद कधीचं रिकामं. तिथं इंजिनिअरिंग झालेला एक मुलगा आठवड्यातून एकदा जायचा. गुणी पोरगा, गणित छान सांगायचा. एके दिवशी तो पोचला तेव्हा सर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला गेलेले. मॅडम आत चौथी-पाचवीला गणितं घालून देत होत्या आणि पहिली-दुसरीची लेकरं व्हरांड्यात हुंदडत होती. दोघं हापशाला लोंबकळत होते. यानं व्हिडिओ काढला, खाली लिहिलं 'शिक्षक गायब, शाळा वाऱ्यावर', आणि गावच्या ग्रुपवर टाकून दिला. हेतू चांगलाच होता. वरच्यांना जाग यावी, तिसरं पद भरावं.

संध्याकाळी व्हिडिओ तालुकाभर. दुसऱ्या दिवशी खुलासा मागितला गेला तो मॅडमना. रिकाम्या पदाचा खुलासा कुणी कुणाला मागितला नाही. ज्या बाईनं एकटीनं पाच वर्ग धरून ठेवले होते आणि ज्यांनीच या पोराला शाळेत बोलावलं होतं, त्या रात्री बसून लेखी उत्तर लिहीत होत्या. पोरानं व्हिडिओ काढून टाकला, माफी मागितली, पण तोवर तो शंभर फोनांत गेलेला. त्यानंतर त्या केंद्रातल्या कुठल्याही शाळेत आमच्या माणसाला कुणी फाटकाच्या आत घेईना. मला राग व्हिडिओपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आला. तेवढ्या वेळात व्हरांड्यातली लेकरं गोळा करून पाढे म्हणून घेतले असते, तर मॅडमचा तास निवांत झाला असता. तो गेला होता कशासाठी?

माझा फोन शाळेत गाडीच्या डिक्कीत असतो. शाळेला फोटो हवाच असला तर सर त्यांच्या फोनवर काढतात. लेकरांचे चेहरे तुमच्या स्टेटसला दिसायचं काहीएक कारण नाही. तक्रार करायची तर शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. तिच्यात 75 टक्के पालक असतात, निम्म्या बायका असाव्या लागतात. समितीचा ठराव घेऊन दहा पालक गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे उभे राहिले की त्या कागदावर आवक क्रमांक पडतो. व्हिडिओवर पडत नाही.

आल्या आल्या फळ्यासमोर उभं राहणं

दुसरी लाडकी चूक. नवा माणूस येतो, खडू उचलतो, "कितवी रे तुम्ही?" विचारतो आणि चौथीचं पुस्तक उघडून धडा सुरू. समोरच्या वीसांपैकी किती जणांना तो धडा वाचता येतो, ते बघितलेलंच नसतं. पुढचे चौघं ओरडून उत्तरं देतात, साहेब खूश, मागची लेकरं पुस्तकाची पानं मोजत बसतात.

आधी एकेकाला बाजूला बसवून वाचायला लावा. 'असर' या शिक्षण पाहणीवाल्यांचा साधा कागद असतो: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. लेकरू कुठं अडतं ते पाच मिनिटांत कळतं. चारचौघांत विचारू नका, लेकरू लाजतं आणि येत असलेलंही विसरतं. मग इयत्ता विसरा. काना-मात्रेला अडलेली एकीकडे, जोडाक्षराला अडलेली दुसरीकडे. मी कुठल्या लेकराला काय अडतं ते वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहितो आणि जाताना सरांना दाखवतो. ही काही पद्धत नव्हे, मला लक्षात राहत नाही म्हणून.

बंजारा तांड्यावरचं लेकरू गप्प बसलं तर त्याला ढ समजू नका. घरी ते गोरमाटी बोलतं, आईला याडी म्हणतं. तुमची पुस्तकातली मराठी त्याला परकीच असते. किनवट-माहूरकडे गोंडी-कोलामी बोलणारी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलणारी लेकरं भेटतील. मी अशा वेळी तांड्यावरचीच एखादी मोठी पोरगी शेजारी बसवून घेतो. ती दोन शब्दांत सांगते ते मला अर्ध्या तासात जमत नाही.

आणि ते झटपटवाले! हातच्याची वजाबाकी येत नाही त्याला वैदिक गणित, 'कमळ' वाचता येत नाही त्याला स्पोकन इंग्लिश. परवा एकानं विचारलं, महिन्यात रिझल्ट दिसेल असं काही आहे का? आहे, खत टाका, कोथिंबीर येईल. वाचन यायला रोज तेच तेच सहा-सात लेकरांना घेऊन लिंबाखाली बसावं लागतं. फार कंटाळवाणं काम आहे. शाळेला नेमकं तेवढंच हवं असतं.

कारखान्याचा हंगाम न बघणं

पुण्याहून छान आखीव कार्यक्रम येतात, सुरुवात बरोबर दिवाळीनंतर. तेव्हाच बीडमधल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडच्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघालेल्या असतात, त्या परततात मार्च-एप्रिलला. काही लेकरं हंगामी वसतिगृहाच्या आधारानं आजीपाशी थांबतात, बाकीची आईबापाबरोबर फडात. पट बघून नियोजन करू नका, हजेरीतलं मागच्या डिसेंबरचं पान उघडून बघा.

जोर लावायचा तो जून ते दसरा. जाणाऱ्या लेकरांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे तिकडच्या शाळेत ते बसू शकतं. ती कार्डं भरायला सरांना हात द्या, त्या दिवशी शिकवलं नाही तरी चालेल. परत आलेल्यांना गाठायला सकाळच्या शाळेत पुन्हा या. उन्हाळ्यात येतो कोण म्हणा.

बाकीच्या पटापट सांगतो.

सरपंचांना भेटून थेट वर्गात शिरू नका. मुख्याध्यापक आणि समिती, दोघांची परवानगी लेखी घ्या.

मंगळवारी येतो म्हटलं की मंगळवारीच. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, कारण सरांनी तुमच्या भरवशावर ऑनलाइन काम त्या दिवसावर ठेवलेलं असतं.

हात उगारायचा नाही, पालक स्वतः "दोन लावा सर" म्हणाले तरी. कायद्यानं बंदी आहे.

वस्तू वाटायच्या तर आधी विचारा. लाईट नसलेल्या खोलीत कव्हर घातलेला टीव्ही मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय. झाडू, खडू, बादली, पेन्सिली यांना कुणी नाही म्हणत नाही. पैसे द्यायचे तर शाळेच्या खात्यात, पावती घेऊन.

17 सप्टेंबरला उपक्रम ठेवू नका. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं, सगळं गाव शाळेत असतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे हमखास माहीत नसतं.

आणि डबा घरून न्या. खिचडीचा तांदूळ लेकरामागे 100 ग्रॅम असा मोजून येतो, त्याचा हिशेब सरांना ठेवावा लागतो. तुम्ही चौघं ताट घेऊन बसलात तर तोंडावर कुणी काही बोलणार नाही. स्वयंपाकाच्या मावशींनी फारच आग्रह केला तर चवीपुरती घ्या, आणि मीठ कमी असलं तरी बरोबर आहे म्हणा.