बारावीनंतर नर्सिंग : कोणता कोर्स घ्यायचा, कॉलेज कसं पारखायचं

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) किंवा बी.एस्सी. नर्सिंग, काहीही केलं तरी पेशंट ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारणार. फरक पडतो तो पगारात, बढतीत आणि पुढच्या शिक्षणात.

एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. बारावी कुठल्याही शाखेची चालते. यातून उपकेंद्रात आरोग्य सेविका होता येतं. जीएनएम तीन वर्षांचा, मुलांनाही खुला. आर्ट्सवाल्यांनाही घेता येतो, पण बारावीला इंग्रजी आणि 40 टक्के हवेत. बी.एस्सी. चार वर्षांची, आठ सेमिस्टरची. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि खुल्या गटाला 45 टक्के लागतात. 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतात, त्यामुळे निकालानंतर जागं होऊन उपयोग नाही.

सायन्सची बारावी असेल तर सरळ बी.एस्सी. घ्या. ‘एक वर्ष वाचतं’ म्हणून जीएनएम करणाऱ्यांना पुढे पदवीसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षं द्यावी लागतात. म्हणजे चाराच्या जागी पाच झाली! राज्य सरकारात अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं आणि त्या पदाला जीएनएमही चालतं. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला मात्र जीएनएमवाल्यांकडे किमान 50 खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणून अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या आणि तारखा आठवणीनं लिहून घ्या.

आता कॉलेज. कराड, सातारा, सांगली, मिरज एवढ्या पट्ट्यात पर्याय भरपूर आहेत, आणि गल्लीबोळात ‘सहा महिन्यांत नर्स’ असे फलकही. त्या सर्टिफिकेटवर नर्स म्हणून नोंदणी होत नाही, पैसे पाण्यात जातात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव आणि कोर्स, दोन्ही तपासा. मग फी विचारायच्या आधी त्यांचा दवाखाना बघा. सकाळी दहाच्या सुमारास वॉर्डात एक चक्कर मारली की कळतं. नियमाप्रमाणे 100 खाटा आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हवेत. खाटा असून पेशंट नसतील तर मुलगी तीन-चार वर्षं नुसत्या फायली रंगवेल. प्रसूती आणि आयसीयूची ड्युटी कुठे लागते, हे तिथल्या सीनियर मुलींनाच विचारा. ऑफिसात गोड उत्तरं मिळतात.

कागदांत घोळ होतो तो जात पडताळणीचा. अकरावीतच अर्ज टाका. नॉन-क्रीमी लेअरची मुदतही बघून ठेवा. मूळ दाखले जमा करताना यादीसह पोच घ्या, आणि त्याआधी झेरॉक्सचे पाच संच काढा.

वॉर्डात पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस सुरू करा : पहिला डोस, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका, तेव्हा सुई हाताला टोचू शकते.

गणिताची भीती असेल तर ती आत्ताच घालवा. 500 मिलीची सलाईन चार तासांत द्यायची, सेट 20 थेंबांचा (म्हणजे 20 थेंबांचा एक मिली) : 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. मायक्रो सेटचे 60 थेंब म्हणजे एक मिली, त्यामुळे तासाला जेवढे मिली तेवढेच मिनिटाला थेंब. सेटच्या पाकिटावरचा आकडा न वाचता हिशेब केला की हमखास चुकतो.

थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला वेगवेगळी 80 टक्के हजेरी लागते, बी.एस्सी.ची पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची तर शंभर टक्के भरून द्यावी लागते. दिवाळीला घरी जास्त राहिलेल्यांच्या ड्युट्या परीक्षेनंतर निघतात.

पास झाल्यावर कौन्सिलची नोंदणी लगेच करा, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. दहावीच्या मार्कलिस्टवर जे नाव आहे तेच, अक्षर न अक्षर, आधार आणि सगळ्या अर्जांवर ठेवा. लग्नानंतर नाव बदलायचं तर गॅझेटची प्रत जपून ठेवा, नोंदणीत नाव बदलताना ती लागते.