सोळाशेचा दम आणि शंभरचा झटका: भरतीच्या ग्राउंडसाठी दोन्ही स्नायुतंतू कसे तयार करावेत

पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, 50 गुणांचं. मुलांचं 1600 मीटर किंवा मुलींचं 800 मीटर 20 गुणांचं, 100 मीटर 15 आणि गोळाफेक 15. म्हणजे 30 गुण झटक्याचे आहेत. तरी पहाटे कुठल्याही मैदानावर जाऊन बघा, पोरं एकाच चालीत पाच-सहा किलोमीटर पळत असतात. शंभरला पाय उचलत नाहीत अशी तक्रार केली, की कुणीतरी सांगतं, ‘रनिंग वाढव.’ हा सल्ला ऐकून ऐकून कान किटलेत.

आधी तंतू समजून घ्या. स्नायूत मंद आणि वेगवान असे दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतूत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) आणि रक्तकेशिका भरपूर, त्यामुळे तो ऑक्सिजनवर तासन् तास चालतो. वेगवान तंतूतला मायोसिन (तंतू आखडवणारं प्रथिन) ऊर्जा झपाट्याने वापरतो, म्हणून तो पटकन आखडतो आणि लवकर थकतो. वेगवान तंतू म्हणजे जास्त ताकदीचा, असं सरसकट सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. न हलता नुसता ताण धरायचा असेल, तर सारख्या जाडीच्या दोन्ही तंतूंचं बल जवळपास सारखंच भरतं. फरक दिसतो तो हालचाल जलद झाल्यावर. आखडण्याचा वेग वाढत गेला की मंद तंतूचं बल लवकर संपतं. वेगवान तंतू त्या वेगातही ओढत राहतो. शिवाय तो बहुधा जाड असतो आणि एकेका चेताकोशिकेच्या (स्नायूला हुकूम देणाऱ्या मज्जापेशीच्या) ताब्यात असे तंतू जास्त असतात. एका चेताकोशिकेच्या ताब्यातले सगळे तंतू म्हणजे एक गट.

शंभर मीटरच्या पूर्ण वेगात पाय जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास टेकतो. स्नायूला पूर्ण बल उभं करायला त्याच्या तिप्पट तरी वेळ लागतो. त्यामुळे पायात एकूण ताकद किती, यापेक्षा तेवढ्या क्षणात किती बल निघतं, यावर शंभर ठरतं.

सोळाशेची तयारी सोपी आहे. आठवड्यातून तीन दिवस गप्पा मारता येतील अशा चालीत पळा आणि एक दिवस 400 मीटरचे वेगातले राउंड करा. बास.

अवघड आहे ते शंभर. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला.

शरीर कामाला आधी मंद तंतू लावतं आणि बलाची गरज वाढेल तसे वेगवान तंतू. सर्वांत मोठे वेगवान गट शेवटी जागे होतात. सावकाश पळताना त्यांची गरजच पडत नाही. ‘दमेपर्यंत पळलं की तेही लागतात’ असा युक्तिवाद ठरलेला असतो. मंद तंतू थकले की वेगवान मदतीला येतात हे खरं, पण तोवर वेग घसरलेला असतो. तुम्ही त्यांना थकल्या अवस्थेत हळू पळण्याचा सराव देता.

म्हणून 60 मीटर पूर्ण जोर लावून पळा आणि मग थांबा. अशा धावेत स्नायूतलं क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे झटपट ऊर्जेचा साठा, बरंचसं खर्च होतं. निम्म्याच्या आसपास पहिल्या मिनिटाच्या आत भरून येतं, उरलेल्याला आणखी काही मिनिटं लागतात. मैदानावरचा जुना हिशेब म्हणजे दर 10 मीटरला एक मिनिट विश्रांती. म्हणजे 60 मीटरनंतर सहा मिनिटं. हो, सहा. एवढा वेळ नुसतं चालत राहिलं की पोरांना चोरी केल्यासारखं वाटतं, आणि शिट्टीवाले सर ओरडतात ते वेगळंच. ओरडू द्या. एका मिनिटात पुन्हा पळलात, तर चौथ्या धावेपर्यंत वेगाचा सराव संपून दमाचा सुरू झालेला असतो. घाम जास्त येतो, पण शंभरची वेळ तिथेच राहते.

धावा चार ते सहा पुरेत. प्रत्येकीची वेळ लिहा. लागोपाठ दोन धावा पहिलीपेक्षा तीन दशांश सेकंदांहून जास्त घसरल्या, तर त्या दिवशी काम बंद. स्टॉपवॉच हाताने दाबताना एक-दोन दशांश इकडेतिकडे होतातच, म्हणून एका धावेवर निर्णय घेऊ नका. आणि हे आठवड्यातून दोनदाच, ताज्या पायांनी, किलोमीटरांच्या आधी. थकल्या पायांनी पूर्ण जोर लावलात, तर मांडीच्या मागचा स्नायू धरतो, मग ग्राउंडची तारीख घरी बसून पाहावी लागते.

वॉर्म-अप नीट करा, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही.

गोळ्यालाही हेच तंतू लागतात. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. खांद्यावर बार घेऊन जड बैठका, एका वेळी तीन ते पाच, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. शंभर-शंभर साध्या बैठका मारून गोळा लांब जात नाही. वजन जड असलं की बार हळू वर येतो, तरी मोठे गट जागे होतात, कारण मेंदू बलाची गरज पाहतो. अर्थात फेकण्याचं तंत्र वेगळं शिकावं लागतं, ते बैठकांतून येत नाही.

सरावाने मंद तंतूंचे वेगवान तंतू बनतील, या आशेवर राहू नका. तसं फारसं होत नाही. आहेत ते वेगवान तंतू जाड होतात आणि एकदम जागे व्हायला शिकतात. शेवटच्या आठवड्यात बैठका बंद करा, किलोमीटर निम्मे करा, 30 मीटरच्या तीन-चार धावा मात्र ठेवा. ग्राउंडच्या आदल्या दिवशी फक्त चाला.