गणपतीच्या स्टेजवर दोघांचं स्किट: जोडी कशी बसवायची

मंडळाच्या कार्यक्रमात दोघांच्या स्किटला ६-७ मिनिटं पुरतात. त्याहून लांबलं की समोरची मुलं चुळबुळ करू लागतात.

विषयाच्या आधी स्वभाव ठरवा. मुंबई दूरदर्शनवरची चिमणराव-गुंड्याभाऊ जोडी घ्या: दिलीप प्रभावळकरांचा भिडस्त चिमणराव, बाळ कर्वेंचा आडदांड गुंड्याभाऊ. दोघं शेजारी उभे राहिले की फरक दिसायचा, ओळख करून द्यावी लागत नसे. दोघंही विनोद मारायला लागले की जोडी मोडते. एकाने प्रसंग खरा मानून गंभीर राहायलाच हवं. ते काम जास्त अवघड, म्हणून तिथे तुमचा चांगला नट द्या.

प्रसंग छोटा असू द्या. विरार लोकलमधली चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने दाटीने बसायची जागा, पुरेशी आहे. कोणाला काय हवंय ते पहिल्या चार वाक्यांत कळलं पाहिजे. मग तीच मागणी तीनदा आणा, दर वेळी चढवत.

पंचचा, म्हणजे हशा आणणारा, शब्द वाक्याच्या अगदी शेवटी ठेवा. पुढे ‘ना’, ‘अरे’ जोडलं की तो बुडतो. तालमीत हशा नसतो, त्यामुळे नवखे नट प्रयोगात थांबत नाहीत आणि पुढचं वाक्य हशाखाली जातं. म्हणून शेवटच्या दोन तालमी शेजाऱ्यांसमोरच करा. हशा ओसरू लागला की बोला. पूर्ण शांततेची वाट पाहिली तर वेग पडतो.

कॉलर माईक असेल तर मिठी आणि छातीवर थाप टाळा, स्पीकरमधून धडाका ऐकू येतो. स्टँडचा एकच माईक असेल तर दोघांनी अर्धं प्रेक्षकांकडे वळून उभं राहावं.