मुलांना वाचून कसे दाखवावे, त्यांच्यासोबत कसे वाचावे

मूल तिसरी-चौथीत गेले, स्वतःचे स्वतः वाचू लागले, की बहुतेक घरांत मोठ्यांचे वाचून दाखवणे बंद पडते. खरे तर त्या वयात ते सुरूच ठेवायला हवे. ऐकून जेवढे समजते तेवढे मुलाला अजून वाचून समजत नाही, कारण बरीचशी ताकद अक्षरे लावण्यातच जाते. मोठ्यांनी वाचले की तो भार उतरतो, मग मुलाचे लक्ष गोष्टीकडे आणि नव्या शब्दांकडे जाते. नागपुरातली कितीतरी मुले शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि आजीशी मराठी बोलतात. छापील मराठी त्यांच्या कानावर पडायची ती घरातच.

वेळ आणि बैठक

रोज १५ मिनिटे पुरतात, तीन-चार वर्षांच्या मुलाला सात-आठच. रविवारी एकदम तासभर बसवले तर मूल कंटाळते आणि पुढच्या रविवारी टाळाटाळ करते. त्यापेक्षा रात्री अंथरूण घातले की वाचायचे, असे रोजच्या एखाद्या कामाला हे जोडून टाका. अभ्यासाचे टेबल नको, तिथे बसले की गृहपाठाची आठवण होते. मूल मांडीवर किंवा अगदी शेजारी, पुस्तक दोघांच्या मधे आणि पान उलटायचे काम मुलाचे. समोरासमोर बसलात तर त्याला अक्षरे उलटी दिसतात.

आपल्याकडे याला सर्वांत चांगला हंगाम उन्हाळ्याचा. पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही, आणि विदर्भातल्या शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. अडचण कूलरची. त्याच्या झोतासमोर पाने फडफडतात आणि दमट हवेने त्यांच्या कडा वळतात. शिवाय आपला आवाज वाक्याच्या शेवटी खाली येतो. मराठीत क्रियापद तिथेच असते, आणि नेमके तेच घरघरीत बुडते. मूल 'काय?' विचारत राहते, नाहीतर विचारायचेच सोडते. म्हणून कूलरच्या बाजूला बसा, तेवढा वेळ त्याचा वेग कमी करा आणि शेवटचा शब्द स्पष्ट उच्चारा.

पुस्तक निवडणे

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पानावर एक-दोन ओळी आणि मोठे चित्र असलेले पुस्तक घ्या. मूल स्वतः वाचणार असेल तर मधले एखादे पान त्याला वाचायला द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. एका पानात पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचायचे आणि मुलाने ऐकायचे.

दरवेळी विकत घ्यायची गरज नाही. शासकीय विभागीय ग्रंथालय नागपुरात आहे, वस्त्यांमधली सार्वजनिक वाचनालयेही आहेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीव्हीवर'वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्याही मोफत. फोनवर वाचणार असाल तर गोष्ट आधी उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. मधेच एक मेसेज आला की मुलाचे लक्ष गेलेच.

वाचताना

गोष्ट आधी एकदा एकट्याने चाळा, म्हणजे कुठे थांबायचे ते ठरवता येते. बोलण्याच्या वेगापेक्षा थोडे हळू वाचा. बोट शब्दाखालून सरकवा, एकेका अक्षरावर ठोकू नका. तसे केले की मूलही 'पु-स्त-क' असे तुटक वाचायला शिकते.

एका गोष्टीत तीन-चार थांबे पुष्कळ झाले. समजा, चित्रात रंगवलेल्या शिंगांचा बैल आहे आणि आजोबा नातीला विचारताहेत:

'हा बैल कुठं चालला असंल?'
'बाजारात.'
'बाजारात? मंग त्याचे शिंगं काऊन रंगवले असंल?'
'पोळा आहे!'
'हो, पोळ्यासाठी सजवला त्याले. तान्ह्या पोळ्याले तू आपला बैल कसा सजवला होता?'

आजोबांनी 'चूक' म्हटले नाही. चित्रातली खूण दाखवली, नातीच्या दोन शब्दांचे पूर्ण वाक्य केले आणि ते तिच्या लाकडी बैलापर्यंत नेले. एवढे बोलून पुन्हा गोष्टीकडे वळायचे. 'तात्पर्य काय?', 'बैलाचा रंग कोणता?' अशा प्रश्नांची सरबत्ती केली की वाचनाची तोंडी परीक्षा होते आणि मूल पुस्तक बंद करते. आमच्या पाहण्यात घरचे वाचन मोडते ते बहुतेक यामुळेच.

पुस्तकात कोथिंबीर आली आणि घरी सांबार म्हणत असाल, तर दोन्ही शब्द सांगा आणि पुढे चला.

मुलाची पाळी

सुरुवातीला दोघांनी एकाच वेळी मोठ्याने वाचा, वेग मुलाचा. एकट्याने वाचावेसे वाटले की त्याने तुमच्या हातावर टिचकी मारायची, तुम्ही गप्प व्हायचे. अडले तर चार-पाच सेकंद थांबा. तरी येत नसेल तर शब्द सांगून टाका, त्याला एकदा म्हणू द्या आणि पुन्हा दोघे मिळून पुढे वाचा. लगेच सांगितले तर मूल प्रयत्न सोडते आणि फार ताणले तर वाक्याचा धागा सुटतो.

बहुतेक अडखळणे ठरावीक जागी होते. 'गर्दी'त रफार 'दी'च्या डोक्यावर दिसतो, पण 'र्' आधी उच्चारायचा असतो. 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. हे समजावायला गोष्ट थांबवू नका, शब्द लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहून दाखवा. जोडाक्षरांचा सराव रस्त्यावरही होतो. मेट्रोने जाताना 'उज्ज्वल नगर'ची पाटी मुलाकडून वाचून घ्या.

नेहमीच्या अडचणी

तेच पुस्तक दहाव्यांदा मागितले तर वाचा. ओळी पाठ झाल्या की मूल छापील शब्द ओळखू लागते. वेगवेगळ्या वयांची दोन मुले असतील तर मोठ्याच्या वयाची गोष्ट घ्या आणि चित्रे धाकट्याला सांगू द्या. आजीला वाचता येत नसेल, तर तिने चित्रांवरून गोष्ट रचावी आणि नातवाने पानावरची ओळ वाचून जोडावी.

दहा वर्षांच्या पुढे एक प्रकरण तुम्ही, एक मुलाने, असे आळीपाळीने वाचा. उत्कंठेच्या जागी थांबा आणि पुस्तक त्याच्या हाताशी ठेवा. रात्रीतून त्याने पुढचे वाचून टाकले, तर काय झाले ते दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून ऐका आणि तिथून पुढे वाचा.