सुलिंग किती सेंटिमीटरची? सुंदा फ्युजन करताना या चुका टाळा

इंडोनेशियातल्या सुंदा संगीताच्या स्वरलिपीचा कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा हायसं वाटलं होतं. पाच स्वर, पाच आकडे, 1 ते 5. मी ते कीबोर्डवर आपल्या सवयीने चढत्या क्रमाने लावले, सुलिंगची, म्हणजे तिथल्या बांबूच्या बासरीची, ओळ वाजवली, तीवर केरवा चढवला, खाली पॅड पसरले. दोन रात्री गेल्या. ट्रॅक कानाला वाईट नव्हता, फक्त अख्खी चाल उलटी झाली होती. सुंदा लिपीत 1 म्हणजे सगळ्यात वरचा स्वर आणि 5 म्हणजे सगळ्यात खालचा. द, मि, न, ति, ल अशी नावं वरून खाली उतरत येतात. माचियार अंगा कुसुमादिनाता (1902–1979) यांनी रुळवलेली ही पद्धत आजही शाळेपासून स्टुडिओपर्यंत चालते. तेव्हापासून मी सॉफ्टवेअरमध्ये आकडे लिहितच नाही, द-मि-न लिहितो. डोळ्यांना आकडा दिसला की हात आपोआप वर चढतात.

सुंदा लोक पश्चिम जावाचे. बांडुंग, चियांजुर, सुमेडांग, गारुत हा त्यांचा मुलूख. त्यामुळे "इंडोनेशियाचं आहे ना, मग चालेल" म्हणून बालीच्या गामेलानचे (मुख्यतः धातूच्या वाद्यांच्या संचाचे) सॅम्पल टाकणं ही चूकसुद्धा नव्हे, आळस आहे. बालीत वाद्यांच्या जोड्या मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावतात, म्हणून तो आवाज थरथरतो. देगुंग या सुंदा गामेलानमध्ये ती थरथर नसते. बोनांग, सारोन, जेंगलोंग, गूंग ही धातूची ठोकवाद्यं आणि वर तरंगणारी सुलिंग, असा तो निवांत आवाज.

आता खरी गोची, सुरांची.

आपण विचारतो, "काळी चार की पांढरी पाच?" चियांजुरच्या गायकीतला कचापी (तिथलं तंतुवाद्य) वाजवणारा विचारेल, "सुलिंग किती सेंटिमीटरची?" बांबूची लांबी ठरली की पट्टी ठरली, साठ-एकसष्टच्या आसपास. मग तो प्रत्येक तारेखालची छोटी पिरॅमिडसारखी घोडी बोटाने सरकवत बसतो आणि सुलिंगच्या सुराशी एकेक तार जुळवतो. 440 हर्ट्झचा ट्यूनर त्याच्यासमोर धरलात तर काटा दोन खुणांच्या मध्येच कुठेतरी थांबतो. ते वाद्य बेसूर नाही. तुमचा ट्यूनर दुसऱ्या गावचा आहे.

सुंदा संगीतात तीन मुख्य सप्तकं, खरं तर पंचकं, आहेत. पेलोग देगुंग ढोबळमानाने पाश्चात्य दो-सी-सोल-फा-मी सारखं. आपल्या कानाला त्यातल्या दो ला सा धरलं तर तिलंगचा आरोह ऐकू येतो आणि मी ला सा धरलं तर भूपाल तोडीची सावली. मादेंदा हे दुसरं. पेलोगमधला न सुमारे एका पूर्ण स्वराने चढवला की ते मिळतं, आणि तिथे गुणकलीची आठवण होते. ही नुसती ओळख पटवायची युक्ती आहे, राग म्हणून गायला लागलात तर फसाल. तिसरं सालेंद्रो, आणि बहुतेक फ्युजन इथेच आपटतं.

सालेंद्रोत सप्तकाचे जवळजवळ समान पाच भाग असतात. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप, अख्ख्या सप्तकात 1200. 1200 सेंट भागिले 5, म्हणजे दोन स्वरांत साधारण 240 सेंट. आपण पटकन "अरे, भूप" म्हणतो आणि मेजर कॉर्ड दाबतो. पण भूपाचा गंधार 386 सेंटच्या आसपास असतो आणि सालेंद्रोत तिथे काहीच नाही. एक स्वर 240 वर, पुढचा थेट 480 वर. त्यातल्या त्यात मेघ जवळचा. मध्यम आणि पंचम 18 सेंटने इकडेतिकडे, पण रे सुमारे 36 सेंट चढा आणि कोमल नी तेवढाच उतरलेला. हे झालं कागदावरचं गणित. प्रत्यक्षात प्रत्येक गामेलान संच आपापला सूर घेऊन बसलेला असतो, आणि दोन गावांचे संच एकत्र आणले तर ते आपसातच भांडतात.

उपाय काय? आधी संचाचा एकेक स्वर वेगळा रेकॉर्ड करून सेंटमध्ये मोजा, मग कीबोर्ड त्याला जुळवा. आजच्या बऱ्याच सॉफ्टवेअर सिंथमध्ये स्काला फाईल (हव्या त्या सुरांची यादी) चढवता येते, पाच मिनिटांचं काम आहे. बांडुंगच्या क्राकाताऊ या जाझ बँडने 1990 च्या दशकात हेच केलं, तेव्हा ते पाच मिनिटांचं नव्हतं. द्विकी धर्मावन यांनी कीबोर्ड सुंदा सुरांना जुळवले आणि प्रा बुदी धर्मा यांनी पडदे नसलेला बास हाती घेतला. म्हणजे जाझवाले गामेलानकडे सरकले, गामेलानला कोणी हलवलं नाही. त्यांचे त्या काळातले ट्रॅक ऐकताना सुरांचं भांडण जाणवत नाही, ते यामुळे.

फाईल चढवायची नसेल तर निदान कॉर्डमधला तिसरा स्वर काढा. सा-प ठेवा, सा-म ठेवा. आणि साथीला वाकणारी वाद्यं घ्या: बासरी, व्हायोलिन, सारंगी, स्लाइड गिटार. हार्मोनियम शक्यतो नको. आकाशवाणीने 1940 पासून तीस वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं, ते अतीच झालं. पण सालेंद्रोसमोर ती पेटी उघडली की त्यांचं म्हणणं काय होतं ते कळतं.

इथेच अंगक्लुंगचा, म्हणजे हलवून वाजवायच्या बांबूच्या वाद्याचा, गोंधळ. इंटरनेटवर "पारंपरिक सुंदा अंगक्लुंग" नावाने मिळणारे सॅम्पल पाश्चात्य सुरात चपखल बसतात आणि आपण खूश होतो. ते बसतात कारण बांडुंगच्या दाएंग सुतिग्ना यांनी 1938 मध्ये अंगक्लुंग पाश्चात्य स्वरसप्तकात बांधलं. पुढे उजो ङलागेना यांनी 1966 मध्ये सुरू केलेल्या केंद्रातून ते जगभर गेलं, आणि 2010 मध्ये अंगक्लुंग युनेस्कोच्या यादीत आलं. वाद्य सुंदर आहे. पण ते स्वतःच एक फ्युजन आहे, त्याच्या शेजारी देगुंगचा बोनांग ठेवलात तर दोघांचं जमणार नाही. शिवाय एक अंगक्लुंग म्हणजे एकच स्वर. चाल दहा जणांनी वाटून घ्यायची असते. कीबोर्डवर त्याची सुसाट तान मारलीत तर ती कुणाच्या हातून निघाली असेल, असा प्रश्न बांडुंगच्या शाळकरी पोरालाही पडेल.

गायिकेच्या आवाजावर ऑटोट्यून लावू नका. हे सगळीकडेच खरं, पण इथे कारण वेगळं आहे. सालेंद्रो गामेलानवर गाताना सिंदेन (गायिका) आणि तिच्यासोबतचा रबाब कित्येकदा मादेंदात किंवा पेलोगमध्ये असतात. (हा रबाब काश्मीरचा नव्हे, गजाने वाजतो.) खाली वाद्यं एका सुरात, वर गळा दुसऱ्यात, काही स्वरांवर भेट आणि मग पुन्हा फारकत. सगळी मजा त्या अंतरात. ऑटोट्यून ते अंतर बुजवतं आणि मग गाणं एकदम जाहिरातीच्या जिंगलसारखं वाटायला लागतं.

तालाची तक्रार मला हमखास ऐकू येते: "लूप बरोबर कापलाय, तरी किक एक मात्रा घसरलेली वाटते." घसरलेलीच असते. आपली सम पहिल्या मात्रेवर, तर सुंदा लिखाणात गूंग, म्हणजे मोठ्या घंटेचा ठोका, ओळीच्या शेवटच्या मात्रेवर. ओळीचा पहिला स्वर तुम्ही बारच्या एकवर ठेवलात की गूंग चारवर जातो आणि किक गूंगानंतर पडते. सगळी ओळ एका मात्रेने पुढे सरकवा. गूंग बारच्या एकवर, ओळीचा पहिला स्वर दोनवर. लगेच जमतं.

पण मग प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरच्या ग्रिडला चिकटवायचा मोह आवरा. केंदांगवाला, म्हणजे ढोलवाला, सगळ्यांचा म्होरक्या. लय वाढवणं, दुप्पट करणं, शेवटच्या गूंगाआधी ओढून धरणं हे त्याच्या हातात आणि पायातही असतं. पायात म्हणजे शब्दशः. मोठ्या केंदांगच्या कातड्यावर तो टाच दाबतो आणि ठोक्याचा सूर वरखाली होतो. आपला तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवून घिस्सा काढतो, त्याचाच हा टाचेचा भाऊ. मिक्स करताना "खाली गिचमिड होतेय" म्हणून लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावलात तर नेमका हाच बोल जातो. जागा बासने सोडावी.

केंदांगची ही करामत ऐकायची तर जायपोंगान हा नाच-संगीताचा प्रकार ऐका. 1970 च्या दशकात बांडुंगमध्ये गुगुम गुम्बिरा यांनी केतुक तिलू हा गावाकडचा नाच, पेंचाक सिलाट या युद्धकलेच्या हालचाली आणि गामेलानची साथ यांतून ते घडवलं. त्यात गिटार नाही, ड्रमसेट नाही. तरीही सुंदा मुलखात गाजलेला सगळ्यात आधुनिक प्रकार तोच. फ्युजन म्हणजे पाश्चात्य वाद्य हवंच, असं धरून चालणाऱ्यांनी आधी यावर थोडा वेळ घालवावा.

तारावांग्साबद्दल थोडक्यात. सुमेडांगच्या रांचाकालोंग भागात दोन तारांचं हे गजवाद्य आणि सात तारांचं जेंत्रेंग पिकाच्या विधीत, भातदेवी न्यी पोहाचीसाठी रात्रभर वाजतात. नव्या पिढीचे बांडुंगचे वादक ते ड्रोन आणि इलेक्ट्रॉनिकच्या मंचावर नेतात, पण ते त्या घरातले किंवा त्या घरात जाऊन शिकलेले. आपण विधीचं रेकॉर्डिंग उचलून खाली हाउस बीट टाकणं वेगळं. गोंधळाच्या रात्रीतलं संबळ कोणी न विचारता पबमध्ये वाजवलं तर आपल्याला कसं वाटेल, तेवढा विचार पुरे.

शेवटी कारिंदिंग. ओठांशी धरायची बांबूची किंवा ताडवर्गातल्या झाडाची पट्टी, आपल्या मोरचंगची बांबूतली बहीण. बांडुंगच्या उजुंगबेरुंग भागातल्या मेटलवाल्यांनी तिला पुन्हा मंचावर आणलं. कारिंदिंग अटॅक हे त्यातलं माहितीचं नाव. लोक तिच्यात सूर शोधतात आणि निराश होतात. तिचा मूळ सूर एकच, बाकी सगळा खेळ तोंडाच्या पोकळीतल्या उपस्वरांचा. म्हणून तिला चाल देऊ नका, ठेका द्या. आवाज अगदी बारीक, त्यामुळे माइक ओठांपासून दोन बोटांवर, खालचा भाग कापून आणि मॉनिटर वाजवणाऱ्याच्या पाठीकडे नाही ना ते पाहून. वाजवणाऱ्याने बोटाने माइकला धक्का द्यायचा नाही, हे दोनदा सांगा. आणि साउंड चेकला कारिंदिंग सगळ्यात आधी घ्या. गिटारवाल्यांनी अँप चालू केले की मग तुमचं कोणी ऐकत नाही.